ट्यूब बदलूनही अँप पुन्हा टोचायला लागतो: ब्लूजची ऊब नेमकी कुठे निसटते

लक्षण असं. गिटारच्या ट्यूब अँपमध्ये पॉवर ट्यूबची, म्हणजे स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या काचेच्या नळ्यांची, नवी जोडी घातली की पंधरा-वीस दिवस अँप सुरेख वाजतो. तार ओढली की सूर गोल फुगून येतो, खालच्या तारा भरीव लागतात, आवाज वाढवला तरी कानाला काही बोचत नाही. मग गोडवा हळूहळू उतरतो. दोन-तीन महिन्यांत खालचा भाग भुसभुशीत होतो, वरच्या तारा काचेवर नख ओढल्यासारख्या वाजायला लागतात, आणि आपण पुन्हा नवी जोडी शोधायला निघतो. या खेपेला वेगळ्या ब्रँडची, थोडी महागाची.

माझ्या १५ वॉटच्या कॉम्बोत (अँप आणि स्पीकर एकाच खोक्यात) हे सव्वा वर्षात तीनदा झालं. दोन ईएल८४ या पॉवर ट्यूब, सिग्नल वाढवणाऱ्या तीन छोट्या १२एएक्स७, बारा इंची एक स्पीकर, असा साधा अँप. तिन्ही खेपांना मी इतरांचे अनुभव वाचून ट्यूब निवडल्या: ही ‘ऊबदार’, ती ‘चकचकीत’, तिसरी ‘जुन्या धाटणीची’. तिसरी जोडीही उतरली तेव्हा ठाण्यातल्या एका काकांकडे गेलो. त्यांनी चाळीस वर्षं व्हॉल्व्हचे रेडिओ आणि लग्नाच्या मांडवातले अँप्लिफायर दुरुस्त केलेत. ट्यूबला ते अजूनही व्हॉल्व्हच म्हणतात. अँप उघडण्याआधी त्यांनी विचारलं, “प्लेटवर किती व्होल्ट येतात?” मला ठाऊक नव्हतं. “घरात प्लगला किती येतात?” तेही ठाऊक नव्हतं. “मग व्हॉल्व्ह निवडलास कशावरून?”

त्यानंतरच्या काही महिन्यांत जे मोजलं, बदललं आणि ऐकलं ते इथे मांडतोय. ट्यूबच्या ब्रँडचा नंबर त्यात बराच खाली लागतो, आणि तो तिथेच लागायला हवा असं आता माझं ठाम मत आहे.

हात घालण्याआधी

ट्यूब अँपच्या आत ३०० ते ४५० व्होल्ट डीसी असतात. प्लग काढल्यावरही फिल्टर कॅपॅसिटरमध्ये ते साठून राहू शकतात, आणि तो झटका जीवघेणा असतो. मागची पट्टी काढून ट्यूब बदलणं हे कुणालाही जमेल: अँप बंद, प्लग बाहेर, ट्यूब गार झालेल्या. पण चॅसी, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, बाहेर काढून आत मोजमाप करायचं असेल, तर ते येणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या. मी काकांच्या शेजारी उभं राहून शिकलो. १० किलोओहमच्या जाड रेझिस्टरने कॅपॅसिटर रिकामे करायचे, मग मीटर लावून आकडा खरंच खाली आलाय याची खात्री करायची, आणि त्यानंतरच बोट पुढे करायचं. दुसरी गोष्ट, स्पीकरची वायर न जोडता ट्यूब अँप कधीही वाजवू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि त्याची किंमत ट्यूबच्या जोडीहून बरीच जास्त भरू शकते.

घरात येणारं व्होल्टेज

कागदोपत्री आपल्याकडे २३० व्होल्ट येतात. मी आठवडाभर मीटर लावून वहीत नोंदी केल्या. संध्याकाळी सात-आठच्या सुमाराला, सगळ्या इमारतीत दिवे, पंखे, एसी चालू असताना २२२ ते २२८. रात्री अकरानंतर २४६, २४८, एकदा २५२. आणि मी वाजवतो कधी? नोकरीवरून येऊन, जेवून, रात्री दहानंतर.

याचा ट्यूबवर परिणाम सरळ आहे. अँपमधलं प्रत्येक व्होल्टेज भिंतीतल्या व्होल्टेजच्या प्रमाणात वर-खाली होतं. हीटरला, म्हणजे ट्यूब आतून तापवणाऱ्या तारेला, ६.३ व्होल्ट लागतात, दहा टक्के इकडेतिकडे चालतात. म्हणजे वरची हद्द साधारण ६.९. माझ्या अँपला २३० वर बरोबर ६.३ मिळत होते, म्हणून २५० वर ६.८५. हद्दीच्या आत, पण अगदी काठावर. प्लेटवर, म्हणजे ट्यूबमधले इलेक्ट्रॉन जिथे येऊन पडतात त्या पत्र्यावर, २३० ला ३१८ व्होल्ट होते, ते रात्री ३४६ झाले. त्याचा हिशेब पुढे बायसमध्ये येतो.

उपाय फुकटातल्यापासून सुरू करा. पुष्कळ अँपच्या मागे किंवा आत २२०, २३०, २४० असा निवडीचा स्विच किंवा वायरचा जोड असतो. तो २२० वर असेल तर तुमच्या ट्यूब रोज रात्री भाजल्या जातायत. २४० वर आणा. माझ्या अँपला तो पर्याय नव्हता, म्हणून काकांनी डिमरस्टॅट, म्हणजे खुंटी फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर, लावून दिला. फिरवून २३० वर आणायचा आणि वाजवायचं. इथे एक धोका आहे: डिमरस्टॅट म्हणजे पंख्याचा किंवा दिव्याचा डिमर नव्हे. तो डिमर विजेची लाट मधेच कापतो. तो अँपला चुकूनही लावू नका. साधा रिलेवाला स्टॅबिलायझर चालतो, पण वाजवताना मधेच टकटक करतो आणि व्होल्टेज टप्प्याटप्प्याने उडवतो. सर्व्हो स्टॅबिलायझर उत्तम, फक्त जड आणि महाग.

अमेरिकेतून भावाने किंवा मावशीने आणलेला १२० व्होल्टचा अँप स्टेप-डाऊनवर (व्होल्टेज उतरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) वाजवणारे आपल्यात बरेच आहेत. त्यांनी स्टेप-डाऊनवर काय लिहिलंय ते बघावं. २३० चे ११० करणारा असेल तर रात्रीच्या २५० ला साधारण १२० मिळतात, म्हणजे छानच. २३० चे १२० करणारा असेल तर १३० मिळतात, आणि ते जास्त आहेत. शिवाय ६० हर्ट्झसाठी बांधलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जरा जास्त तापतो, त्यामुळे अशा अँपला हवा मोकळी मिळू द्या.

बायस: ट्यूब मरण्याचं खरं कारण

मेकॅनिक रिक्षाचं आयडलिंग लावतो, तसंच बायसचं आहे. गिटार वाजत नसताना, अँप नुसता चालू असताना, पॉवर ट्यूबमधून किती करंट वाहू द्यायचा ते बायस ठरवतो. जास्त वाहिला तर ट्यूब तापून लवकर संपते. कमी वाहिला तर आवाज कोरडा, करकरीत होतो. पुश-पुल अँपमध्ये एक ट्यूब सूर सोडते आणि दुसरी धरते, त्या सांध्यात खड्डा पडतो आणि तोच कानाला खुपतो.

ईएल८४ ची प्लेट १२ वॉट उष्णता झेलते. हिशेब असा: प्लेटवरचे व्होल्ट गुणिले करंट. माझ्या अँपमध्ये २३० व्होल्टला कॅथोडमधून (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकातून) प्रत्येकी ३७ मिलिअँपिअर जात होते. त्यातले साडेतीनच्या आसपास स्क्रीन ग्रिडचे, म्हणजे मधल्या एका जाळीचे, ते वजा केले की उरले ३३.५. गुणिले ३१८ व्होल्ट म्हणजे साधारण १०.७ वॉट. हद्दीच्या ८९ टक्के, तेही शांत बसलेला असताना. रात्री २५० ला कॅथोड करंट ४३ वर गेला. स्क्रीनचे ४ वजा करून ३९ गुणिले ३४६, म्हणजे १३.५ वॉट. १२ च्या ट्यूबवर साडेतेरा! कुठल्याही ब्रँडची ट्यूब घातली असती तरी तिचं हेच झालं असतं.

मला जास्त धक्का बसला तो दुसऱ्या गोष्टीचा. नवी जोडी घातल्यावरचे जे पंधरा-वीस दिवस मला स्वर्गासारखे वाटायचे, ती ऊब याच जादा करंटमधून येत होती. गरम बायसला ट्यूब लवकर दबते, सूर गोल होतो, आघात मऊ होतो. म्हणजे जे आवडत होतं तेच ट्यूबला मारत होतं, आणि ट्यूब थकली की उरत होता फक्त भुसा. ऊब हवी तर ती दुसऱ्या ठिकाणाहून आणावी लागणार होती.

माझ्या अँपला बायस फिरवायला स्क्रू नाही. कारखान्यातच रेझिस्टरने तो कायम करून टाकलेला आहे. अशा अँपमध्ये तंत्रज्ञ एक रेझिस्टर बदलून किंवा तिथे ट्रिमपॉट (स्क्रूने फिरवायचा रेझिस्टर) बसवून बायस खाली आणतो. अर्ध्या तासाचं काम. अशा फिक्स्ड बायसच्या, म्हणजे ग्रिडला ठरावीक व्होल्टेज देणाऱ्या, अँपला साधारणपणे हद्दीच्या ७० टक्के धरतात. आम्ही २३० ला ८.९ वॉटवर, म्हणजे ७४ टक्क्यांवर थांबलो, कारण ७० ला मला सूर जरा ताठ वाटला. तिथे कॅथोडला ३१ मिलिअँपिअर येतात. मुद्दाम डिमरस्टॅट २५० वर नेऊन पुन्हा मोजलं: ११.२ वॉट. एखाद्या रात्री डिमरस्टॅट लावायला विसरलो तरी आता ट्यूब हद्द ओलांडत नाही.

कॅथोड बायसच्या अँपवाल्यांनी हा हिशेब बघून घाबरू नये. व्हॉक्स एसी३० किंवा फेंडरचा पन्नाशीच्या दशकातला ट्वीड डीलक्स यांसारख्या रचनेत ट्यूब हद्दीच्या अगदी जवळ चालतात, आणि करंट वाढला की कॅथोडचा रेझिस्टर आपोआप त्याला थोडी वेसण घालतो. त्या अँपचा मऊपणा बराचसा तिथून येतो. तिथे ट्यूब लवकर बदलणं हा खर्चाचा भागच समजायचा.

बायस प्रोब नावाची सोपी वस्तू मिळते. ट्यूब आणि सॉकेट यांच्यामध्ये ती बसते आणि बाहेर मीटरवर करंट दिसतो. चॅसी उघडावी लागत नाही. महिन्यातून एकदा बघितलं तरी ट्यूब कुठल्या दिशेने चाललीय ते कळतं.

काच बघूनही थोडं समजतं. अंधारात मधली करडी प्लेट नारिंगी-लाल दिसली तर ताबडतोब बंद करा. काचेच्या आतल्या बाजूला निळसर झाक दिसली तर काळजी नको, चांगल्या ट्यूबमध्येही ती दिसते. मात्र प्लेट आणि ग्रिड यांच्या मधोमध जांभळट धुकं दिसलं तर आत वायू शिरलाय. वरचा चंदेरी डाग दुधासारखा पांढरा झाला असेल तर त्या ट्यूबमध्ये हवाच गेली, ती संपली.

पहिली प्रीअँप ट्यूब: ऊब इथून आणा

बायस खाली आणल्यावर अँप स्वच्छ झाला, पण जरा थंड वाटायला लागला. त्यावरचा इलाज सापडला तो गिटारच्या जॅकच्या सगळ्यात जवळच्या ट्यूबमध्ये. हिला व्ही१ म्हणतात. गिटारचा कोवळा सिग्नल सर्वांत आधी हिच्याच हातात पडतो.

आजच्या बहुतेक अँपमध्ये इथे १२एएक्स७ असते. युरोपी नाव ईसीसी८३. तिचा वर्धनांक, म्हणजे सिग्नल किती पट वाढवू शकते तो आकडा, १०० आहे. त्याच सॉकेटमध्ये, तशाच पिनांवर, काही न बदलता बसणाऱ्या तिच्या बहिणी आहेत: ५७५१ चा वर्धनांक ७०, १२एटी७ चा ६०, १२एवाय७ चा ४४, आणि १२एयू७ चा वीसच्याही खाली. एरवी १२एएक्स७ ठेवून पुढच्या टप्प्यात आवाज फुटतो तो कडेकडेने, मधमाश्यांसारखा गुणगुणत. व्ही१ ची ताकद कमी केली की व्हॉल्यूमची खुंटी जास्त फिरवावी लागते, पुढचे टप्पे आणि पॉवर ट्यूब जास्त काम करतात, आणि फुटणं हळूहळू, बोटाच्या जोराप्रमाणे येतं. हळू छेडलं तर स्वच्छ, जोरात मारलं तर कढ येतो. ब्लूजला मला तेच हवं असतं.

ही कल्पना नवी नाही. फेंडरच्या ज्या बासमनवर गिटारवादक भाळले, तो १९५८ ते १९६० चा ५एफ६-ए, त्याच्या व्ही१ मध्ये १२एवाय७ होती. बाकी दोन १२एएक्स७, पॉवरला दोन ५८८१, एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर जीझेड३४ आणि दहा इंची चार जेन्सन स्पीकर. बास गिटारसाठी बनवलेला हा अँप गिटारवाल्यांनी आपलासा केला. लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानात १९६२-६३ मध्ये जो जेटीएम४५ तयार झाला, तो याच सर्किटच्या नकाशावर. तिथे व्ही१ मध्ये ईसीसी८३ आली आणि तोच नकाशा जास्त आक्रमक वाजायला लागला. पुढे त्याच घराण्यातला कॉम्बो आणि लेस पॉल गिटार घेऊन १९६६ मध्ये ब्रिटिश गिटारवादक एरिक क्लॅप्टनने जो टोन काढला, त्याच्या मागे आजही लोक धावतायत. दोन्ही आवाज सुंदर आहेत. पण एका छोट्या ट्यूबने चाल किती बदलते ते यातून दिसतं.

माझ्या अँपमध्ये मी आधी ५७५१ घातली, फरक पुसट वाटला. मग १२एवाय७ घातली आणि दहा मिनिटांत गिटार खाली ठेवून नुसता ऐकत बसलो. व्हॉल्यूम पूर्वी ४ वर असायचा, आता ६ वर. खरखर कमी. तिसऱ्या तारेवर छेडलेला सूर हवेत जरा रेंगाळायला लागला. १२एयू७ मला फार मवाळ वाटली, जॅझ वाजवणाऱ्याला कदाचित आवडेल. ज्याच्या गिटारचा पिकअप (तारांची कंपनं टिपणारा भाग) मुळात कमजोर आहे त्याने ५७५१ वरच थांबावं, १२एवाय७ ला अँप उठणारच नाही.

शेवटच्या छोट्या ट्यूबच्या, म्हणजे दोन्ही पॉवर ट्यूबना सिग्नल वाटून देणाऱ्या फेज इन्व्हर्टरच्या, जागी मी काही बदलत नाही. तिथे १२एटी७ घालून अँप आणखी स्वच्छ ठेवता येतो, फेंडरने साठीच्या दशकात बऱ्याच अँपमध्ये तेच केलं. पण फुटण्याची गोडी त्या जागी कमी होते.

बाजारात १२एएक्स७ ला पर्याय म्हणून सोव्हिएत ६एन२पी स्वस्तात दाखवतात. आतली रचना मिळतीजुळती आहे, पण हीटरच्या पिना वेगळ्या आहेत. वायरिंग बदलल्याशिवाय ती घालू नका.

डब्यावरचं नाव आणि काचेतली वस्तू

आज विकत मिळणाऱ्या मुलार्ड, टंग-सोल, जेनालेक्स गोल्ड लायन, इलेक्ट्रो-हार्मोनिक्स, सोव्हटेक या नावांच्या नव्या ट्यूब रशियातल्या साराटोव्हच्या एकाच कारखान्यातून येतात. जुन्या मुलार्ड इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्नला बनायच्या. नाव तेच, वस्तू वेगळी. याचा अर्थ त्या वाईट आहेत असं नाही, मी त्यांतल्या दोन वापरल्या आणि आवडल्या. फक्त ‘मुलार्ड घेतली म्हणजे साठ सालचा आवाज’ हा हिशेब चुकतो. स्लोव्हाकियातल्या चाडत्सा गावची जेजे स्वतःच्या नावाने बनवते. तिच्या ईएल८४ मला मजबूत आणि किंचित गडद वाटतात, म्हणून सध्या त्याच बसवल्या आहेत.

आपल्याकडचा एक दुवा इथे सांगायलाच हवा. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने, म्हणजे बीईएलने, रेडिओचे व्हॉल्व्ह कितीतरी वर्षं बनवले, आणि त्यांत ईसीसी८३ आणि ईएल८४ सुद्धा होत्या. आजोबांच्या व्हॉल्व्ह रेडिओत आवाजाच्या टोकाला जी उंच काचेची नळी असायची, ती पुष्कळदा ईएल८४ च. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एखाद्या जुन्या दुकानाच्या माळ्यावर किंवा रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या खोक्यात बीईएलचा व्हॉल्व्ह अजूनही हाती लागू शकतो. काकांकडची एक बीईएल ईसीसी८३ मी आठवडाभर व्ही१ मध्ये लावली होती. आवाज शांत, भरदार, आणि अजिबात टोचरा नाही. परत देताना जड गेलं.

पण जुनी ट्यूब घेताना टेस्टरवर तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. पुसून पुन्हा नाव छापलेल्या ट्यूब सर्रास फिरतात. आणि एक साधी चाचणी घरीच करा: अँप चालू, व्हॉल्यूम मध्यावर, आणि पेन्सिलच्या मागच्या रबराने छोट्या ट्यूबवर हलकेच टिचकी मारा. स्पीकरमधून ‘टक्’ आला तर ठीक. घंटेसारखा ‘टंग्’ येऊन घुमत राहिला तर ती ट्यूब मायक्रोफोनिक आहे. कॉम्बोत स्पीकर आणि ट्यूब एकाच खोक्यात हादरतात, तिथे अशी ट्यूब शिट्टी मारणारच. व्ही१ मधून काढून तिला मागच्या जागी टाका, बहुतेक वेळा तिथे ती निमूट चालते.

‘मॅच्ड पेअर’चा, म्हणजे सारखाच करंट घेणाऱ्या जोडीचा, आग्रह मी मर्यादेत ठेवतो. दोघींच्या करंटमध्ये चार-पाच मिलिअँपिअरचा फरक असेल तर काही बिघडत नाही. तंतोतंत जुळलेल्या जोडीत पुश-पुल रचना सम हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुराच्या सम पटीतले उपसूर, एकमेकांविरुद्ध खोडून टाकते, आणि कानाला मऊ लागणारा दुसरा हार्मोनिक त्यांतलाच एक आहे.

कुठल्या अँपला कुठली पॉवर ट्यूब

इथे निवडीला वाव कमी आहे, आणि ते मान्य केलेलं बरं. अँप ज्या ट्यूबसाठी बांधलाय तीच घालायची. ईएल८४ वरच्या पट्टीत चमकते आणि लवकर फुटते. ६व्ही६ माझ्या मते ब्लूजसाठी सगळ्यांत गोड, मधला पट्टा लाकडी पेटीसारखा. ६एल६ आणि ५८८१ रुंद आणि भारदस्त. ईएल३४ मधल्या पट्टीत गुरगुरते.

६व्ही६ च्या जागी ६एल६ बसते म्हणून बसवू नका. हीटरला ६व्ही६ ०.४५ अँपिअर खाते, ६एल६जीसी ०.९. दुप्पट. ट्रान्सफॉर्मर तापतो. तसंच ५वाय३ रेक्टिफायरच्या जागी ‘जास्त दमदार’ म्हणून जीझेड३४ लावला की प्लेटचं व्होल्टेज चढतं, आणि ट्वीड डीलक्ससारख्या अँपची जी ढिली, श्वास घेतल्यासारखी चाल आहे ती जाते. माझ्या अँपमध्ये रेक्टिफायर डायोडचा आहे, तिथे हा विषयच येत नाही.

पावसाळ्यात परत परत होणारी खरखर

ठाणे, मुंबई, कोकणपट्टीत राहणाऱ्यांना हे जूननंतर दिसेल. वाजवता वाजवता आवाज मधेच पातळ होतो, कुरकुरतो, ट्यूब हलवली की सुधारतो. लोक ट्यूबला दोष देऊन नवी घेतात, नवी घालताना पिना घासल्या जातात, आवाज येतो, आणि ‘बघा, ट्यूबच गेली होती’ असं ठरतं. ऑगस्टमध्ये पुन्हा तेच. दमट हवेने सॉकेटच्या आतल्या पकडींवर थर चढलेला असतो. अँप बंद, प्लग बाहेर, कॅपॅसिटर रिकामे. मग ट्यूबच्या पिनांना कॉन्टॅक्ट क्लीनर लावून तीनचार वेळा आत-बाहेर करायची, पूर्ण वाळू द्यायचं. पकड सैल झाली असेल तर तंत्रज्ञ बारीक हत्याराने ती पुन्हा आवळतो. मी ‘मेलेल्या’ म्हणून बाजूला टाकलेल्या ट्यूबपैकी एक छोटी ट्यूब काकांच्या टेस्टरवर ठणठणीत निघाली. दोष सॉकेटचा होता.

अँपवर कापडी कव्हर घालत असाल तर वाजवून झाल्यावर तो पूर्ण गार झाल्यावरच घाला. पावसाळ्यात चार-पाच दिवस वाजवणं झालं नाही, तरी अर्धा तास चालू ठेवा. आतला ओलावा जातो.

ट्यूबच्या बाहेरचं टोचणं

एवढं करूनही आवाज टोचत असेल तर ट्यूबला मोकळं सोडा आणि स्पीकरकडे या. नवा कोरा स्पीकर ताठ असतो. कोन सैल व्हायला बरेच तास लागतात, आणि तोवर वरचा पट्टा कर्कश राहतो. स्पीकर सरळ कानाच्या रेषेत असेल तर त्याचा झोत थेट कानात शिरतो. अँप जमिनीवर ठेवून मागे टेकवून बघा, किंवा दोन फूट बाजूला सरका. खोलीत फरशी आणि उघड्या भिंती असतील तर एक सतरंजी अंथरा. कित्येक वेळा मला हवी असलेली ऊब सतरंजीने दिली आहे.

केबलही बघा. गिटारच्या केबलला दर मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड धारकता असते. तीन मीटरच्या महाग, ‘स्वच्छ’ केबलऐवजी साध्या नऊ मीटरच्या केबलवर वाजवलं की वरची धार आपोआप उतरते. गुंडाळीची लांब कॉर्ड वापरणाऱ्या जुन्या वादकांच्या टोनचा तो एक भाग होता. माझ्याकडे अडगळीत पडलेली लांब केबल लावून बघितली आणि आता तीच वापरतो. व्हॉल्यूमच्या खुंटीवर ‘ब्राइट’ (वरचा पट्टा उजळवणारा) कॅपॅसिटर असेल तर तो काढून टाकणं हाही तंत्रज्ञासाठी दोन मिनिटांचा इलाज आहे. खुंटी खाली असताना तोच सर्वांत जास्त टोचतो.

आवाजाची पातळी हा राहिलेला मोठा मुद्दा. शिकागोच्या मॅक्सवेल स्ट्रीटच्या बाजारात रस्त्यावर वाजवणारे वादक शेजारच्या घरादुकानांतून वीज घेऊन छोटे अँप पुरेपूर ताणायचे, कारण गर्दीत ऐकू जायला हवं. ट्यूब, ट्रान्सफॉर्मर, स्पीकर सगळेच दमत होते, आणि तो दमलेला आवाज आपल्याला ऊबदार वाटतो. फ्लॅटमध्ये रात्री ३० वॉटचा अँप १ वर ठेवून ते मिळणार नाही. घरात वाजवायचं असेल तर ५ वॉटचा छोटा अँप घ्या, एक ६व्ही६ किंवा एक ईएल८४ चा. मोठ्याला ट्यूब बदलत बसण्यापेक्षा तो स्वस्त पडेल.

ऊबदार म्हणजे बोथट नव्हे, हेही लक्षात ठेवावं लागतं. २०११ मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हलला शिकागोचा ब्लूज गिटारवादक बडी गाय याला ऐकलं, तेव्हा त्याच्या गिटारला भरपूर धार होती. सूर सुरीसारखा यायचा आणि तरी कान मिटावेसे वाटले नाहीत. खाली भरीव शरीर असलं की वरची धार खुपत नाही. ट्रेबल शून्यावर नेऊन मी बरेच दिवस स्वतःला ‘ऊब आली’ असं समजावत होतो. आता ट्रेबल ५ वर, मिडल ७ वर, बास ४ वर असतो.

चौथी जोडी घालून चौदा महिने झाले. वहीतली शेवटची नोंद मागच्या रविवारची: भिंतीत २४७, डिमरस्टॅटनंतर २३०, प्लेटवर ३१९, कॅथोडला एका बाजूला ३० आणि दुसऱ्या बाजूला २८ मिलिअँपिअर. आकडे २५ च्या खाली घसरले की पुढची जोडी आणायची असं काकांनी ठरवून दिलंय. तोवर त्यांच्या खोक्यातली ती बीईएल मला पुन्हा एकदा व्ही१ मध्ये लावून बघायची आहे, या खेपेला नव्या बायसवर.